नवव्या मशीनचं पहिलं पाणी

शिवरामभाऊ, मी तुमच्याशी खोटं बोलले.

पंधरा दिवसांपूर्वी मी भाजे गावी तुमच्या पडवीत बसले होते तेव्हाची गोष्ट. तुम्ही घोंगडीच्या वळकटीला टेकून बसला होता. दम्याने छातीचा नुसता भाता झाला होता, एक वाक्य पुरं करायला तुम्हाला दोनदा थांबावं लागत होतं. तरी मला बघितल्यावर पहिला प्रश्न तोच. "ताई, नववी घावली का?" चार वर्षं तुम्ही हे विचारत होता आणि चार वर्षं मी नकाराची मान हलवत होते. त्या दिवशी मान हलवेना. मी म्हणाले, "घावली भाऊ. नगरकडे एका दवाखान्यात होती. दुरुस्त करून आले." तुम्ही विचारलंत, "बुडाला ठिपके व्हते?" मी म्हणाले, "होते की. तिन्ही." तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघितलंत, मग "बरं झालं" म्हणून डोळे मिटलेत. तिसऱ्या दिवशी तुमच्या मुलीचा, सुमनचा, नवरा तुम्ही गेल्याचा सांगावा घेऊन आला.

नववी मशीन सापडलेली नाही. ती कुठल्या तरी दवाखान्यात आजही चालू असेल. कुणी तरी नर्स तिच्यात कात्र्या, चिमटे, सुया ठेवून बटण दाबत असेल. पन्नास मिनिटांनी हिरवा दिवा लागतो आणि तो दिवा खोटा आहे. वस्तू नुसत्या कोमट होऊन बाहेर येतात, निर्जंतुक होत नाहीत. हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे. कंपनीच्या धाकट्या साहेबांनाही ठाऊक होतं, पण ते केव्हाच विसरले. आता मी एकटी उरले आणि मला झोप लागत नाही.

तुमचं वय किती होतं, भाताची खाचरं किती होती, हे लिहिणारे लिहोत. मला ते नीट माहीतही नाही. मला तुम्ही तळेगावच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये आठवता, खाकी अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, कानामागे पेन्सिल, आणि ती पेन्सिल दिवसभर शोधत फिरणारे.

दुष्काळाच्या पुढच्या वर्षी मी कंपनीत लागले. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली मुलगी म्हणजे तेव्हा गावजत्रेतला खेळ होता. पहिले आठ दिवस लोक काही ना काही निमित्त काढून माझ्या टेबलावरून जायचे. तुम्ही तेवढे आला नाहीत. नवव्या दिवशी आलात आणि म्हणालात, "ताई, तुमच्या खुर्चीचा पाय डुगडुगतोय, उठा जरा." पाय ठोकलात आणि गेलात. तेव्हापासून मी तुमची ताई. मी तुमच्या मुलीपेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी असेन, पण तुम्ही शेवटपर्यंत ताई आणि तुमी सोडलं नाहीत.

कंपनी दवाखान्यांना लागणारी यंत्रं करायची. मालक दोघे भाऊ. थोरले साहेब मुंबईत बसून विकायचे, धाकटे साहेब तळेगावात बसून बनवायचे, आणि दोघं एकमेकांशी तारेने बोलायचे. थोरले आधी विकून टाकायचे आणि मग काय विकलं ते कळवायचे. आपोआप चालणारा स्टरलायझर असाच जन्माला आला. रंगीत पत्रक आधी छापून आलं. पांढऱ्या टोपीतली हसरी नर्स, आणि खाली ओळ, "बटण दाबा आणि विसरा." यंत्र तेव्हा कागदावरसुद्धा नव्हतं.

कागदावर आणायचं काम माझं. पाणी तापवायचं, वाफ कोंडायची, ती पुऱ्या दाबावर वीस मिनिटं धरून ठेवायची, मग सोडायची, मग हिरवा दिवा. हा क्रम यंत्राला कुणी तरी शिकवायला हवा ना? त्यासाठी एक पितळी नळकांडं होतं. लहानशी मोटर ते सावकाश फिरवायची आणि नळकांड्याला जिथे खाच असेल तिथे एक खटका पडायचा. खाच कुठे हवी हे मी आलेखाच्या कागदावर ठरवायची. तुम्ही सगळे त्याला ढोलकी म्हणायचात. खाच पाडून झाली की ढोलकी कुणाचं ऐकत नाही. तिला सांगितलं तेवढंच ती करते, चुकीचं सांगितलं तर चुकीचं, पण न चुकता करते.

माझ्या पहिल्या आराखड्यात दाबाचा एक वेगळा खटका होता. काटा पुऱ्या दाबावर येईपर्यंत ढोलकीची मोटर चालूच होणार नाही, अशी सोय. धाकट्या साहेबांनी त्यावर लाल पेन्सिलीने काट मारली.

"हे कशाला?"

"सर, पाणी तापायला किती वेळ लागेल ते पाण्यावर आहे. म्हणून ढोलकीला थांबवायचं."

"बाई, मला आकडा सांगा. किती मिनिटं?"

"मोजावं लागेल."

"मग मोजा आणि ढोलकीत घाला. हा खटका परदेशातून येतो, परवान्याला सहा महिने जातील. पत्रकं वाटून झाली आहेत."

मी मोजलं. तुम्ही सातच्या पॅसेंजरने यायचात, मी पुढच्या गाडीने. मी स्टॉपवॉच घेऊन शेडमध्ये आले तेव्हा पहिली मशीन तयार होती. झाकण घट्ट बसवलेलं, वर हळदीकुंकवाचं बोट, शेजारी फोडलेला नारळ. तुम्ही म्हणालात, "ताई आल्या, दाबा बटन." काटा पुऱ्या दाबावर यायला एकोणीस मिनिटं लागली. मी सावधगिरी म्हणून वीस धरली. सावधगिरी म्हणे! घराची कडी तीनदा ओढून बघणारी, स्टेशनच्या निम्म्या वाटेवरून स्टोव्ह बघायला परत जाणारी मी. ते माप मी एकदाच घेतलं.

मी आत पाणी कसलं आहे ते विचारलं नाही. मी काय मोजते आहे ते तुम्ही विचारलं नाहीत.

पाणी गरम होतं. शेडच्या मागे बंब होता, सकाळी आल्या आल्या तुम्ही तो पेटवायचात आणि नव्या मशीनला पहिलं पाणी त्यातलं घालायचात. ही तुमची रीत, कुणी शिकवलेली नव्हती. पुढे मला म्हणालात, "जलमल्या पोराला कुनी गार पान्यानं न्हाऊ घालतं का?" पहिलं पाणी ऊन, मग मशीनला आयुष्यभर खोकला होत नाही, असं तुमचं म्हणणं. तुमच्या या मायेला मी अजूनही नावं ठेवू शकत नाही. पण त्या मायेवर मी माप घेतलं, आणि त्या मापाची खाच नऊ ढोलक्यांना पाडली.

तुमच्या आणखी एका रीतीबद्दल लिहायलाच हवं. मशीन पास झाली की तुम्ही ती आडवी करायला लावायचात आणि बुडाला, मागच्या डाव्या पायाजवळ, सेंटर पंच या टोकदार पोलादी हत्याराने तीन ठिपके ठोकायचात. "कागदावर सायेब म्हनतील तितं सही करतो," म्हणायचात. "ही माजी सही." कागदावरच्या सहीची गंमत तर सगळ्या शेडला माहीत होती. एक तारखेला धाकटे साहेब चाचणीच्या कोऱ्या पत्रकांचा गठ्ठा आणून तुमच्याकडून सह्या घ्यायचे. महिनाअखेरीला घाई नको म्हणून. पत्रक इंग्रजीत. मी ते समोर बघत होते. मला ते बरोबर वाटत नव्हतं, पण सोयीचं वाटत होतं, हे कबूल करते.

संध्याकाळची गाडी मात्र आपली एकच. तळेगावला चढलो की वडगाव येईपर्यंत तुम्ही माझी थट्टा करायचात. "ताई, हाफिसची कडी लावली ना? मी लावताना बगितली, पन तुमी इचारा परत." वडगाव गेलं की वाद सुरू. तुम्हाला ती पत्रकावरची ओळ मुळीच सहन व्हायची नाही. "बटन दाबा आन इसरा! बैल सोडून कुनी इसरतं का? मशीनकडं मानसानं बगत ऱ्हावं." मी म्हणायची, अहो भाऊ, बघत बसायचं तर आपोआप कशाला करायची? त्या नर्सला पन्नास कामं असतात. तुम्ही म्हणायचात, पन्नासात हे एकावन्नावं. मी चिडून काही तरी जोरदार सुरू करायची आणि मळवली यायची. तुम्ही पिशवी उचलून उतरायचात आणि फलाटावरून खिडकीत डोकावून सांगायचात, "उंद्या बोलू." गाडी निघायची, मी लोणावळ्यापर्यंत मनातल्या मनात भांडत बसायची. तो वाद कधी संपला नाही.

मग ते पौषातले दिवस आले. सुमनचं पहिलं बाळंतपण, म्हणून तुम्ही तिला लोणावळ्यातल्या एका लहानशा प्रसूतिगृहात आणलंत. तिथे आपली पाचवी मशीन होती. तुम्हाला केवढा आनंद झाला असेल ते मला दिसतंय. जावयाला वाकवून तुम्ही बुडाचे ठिपके दाखवलेत म्हणे. मग नर्सने पिंपातलं पाणी घातलं, त्या थंडीतलं, हात घातला तर बोटं बधिर करणारं, आणि बटण दाबून ती तिच्या कामाला गेली. तुम्ही गेला नाहीत. सवयीने काट्याकडे बघत उभे राहिलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आमच्या वळवणच्या घराच्या पायरीशी उभे होता. मी चहाचं आधण ठेवत होते. मला वाटलं पेढे घेऊन आलात.

"नातू झाला," तुम्ही म्हणालात. "दोगं बी बेस हायती." आणि मग खाली बघत, "ताई, मशीन खोटं बोलती."

"म्हणजे?"

"काटा निम्म्यात बी आला न्हवता. ढोलकीनं वाफ सोडून दिली. आन हिरवा दिवा लागला."

"असं कसं होईल? मी मोजलंय. वीस मिनिटं."

"कवा मोजलं?"

"पहिली मशीन चालू केली तेव्हा. तुमच्या समोरच की."

तुम्ही पायरीवर बसलात. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीत. "त्यात ऊन पानी व्हतं, ताई," म्हणालात.

आत आधण उतू गेलं आणि स्टोव्ह विझला. मी तो बघायला गेले नाही, एवढंच मला आठवतं.

सुमनच्या वेळी तुम्ही नर्सच्या हातातला ट्रे धरून ठेवला होता. ती म्हणाली, "आबा, बाहेर थांबा." तुम्ही म्हणालात, "बाई, मी हिचा बाप हाय." ती म्हणाली, "माहितीये, सुमनचे वडील ना." तर तुम्ही म्हणालात, "सुमनचा तर हायेच, पन मी मशीनचं म्हनतोय." शेवटी डॉक्टरीणबाई आल्या, तुमचा चेहरा बघून काय समजायचं ते समजल्या आणि मोठ्या पातेल्यात सगळं उकळायला लावलं. हे तुम्ही हसत सांगितलंत. माझ्या मनात एकच होतं. इतर आठ ठिकाणी तुम्ही उभे नव्हता.

त्याच दिवशी आपण धाकट्या साहेबांपुढे गेलो. आजही ती खोली माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मी सांगितलं, नऊच्या नऊ मशीन थांबवायला हव्यात, आजच्या आज तारा करा. साहेबांनी कपाटातून चाचणीपत्रकं काढली आणि एक माझ्यापुढे धरलं.

"इथे काय लिहिलंय? वाचा."

लिहिलं होतं, थंड पाण्यापासून चाचणी केली. खाली तुमची सही.

"म्हणजे चाचणी करणाऱ्याने हलगर्जी केली. डिझाइनचा काही दोष आहे का, बाई?"

शिवरामभाऊ, इथे मी एक वाक्य बोलायला हवं होतं. माप माझं होतं. तीनच शब्द. मी तुमच्याकडे बघितलं आणि तुम्ही किंचित मान हलवलीत, नको म्हणून. मी म्हणाले, "बघावं लागेल, सर." असलं गुळमुळीत उत्तर मी परीक्षेतही कधी दिलं नव्हतं. तारा गेल्या नाहीत. दवाखान्यांना कळवलं तर कंपनीचं नाव जाईल, असं ठरलं. आठ दिवसांनी तुमच्या हातात कागद पडला, स्वखुशीने काम सोडत असल्याचा, आणि त्यावरही तुम्ही सही केलीत.

त्या संध्याकाळी तळेगावच्या फलाटावर मी रडत होते आणि तुम्ही मला हिशेब समजावल्यासारखं सांगत होता. "तुमी आत ऱ्हावा. पत्त्यांची वही आत हाय, ढोलक्या आत हायती. दोगं बी भाईर पडलो तर ह्या मशिनी कोन नीट करनार?" बरोबरच होतं ते. पण आज तुमच्यापुढे एक सांगते, जे इतकी वर्षं सांगितलं नाही. तुम्ही तसं म्हणालात तेव्हा मला आधी बरं वाटलं. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, माझ्याच पगारावर घर. तुमच्या शहाणपणाच्या आडोशाला मी जाऊन बसले. नंतर कंपनीत भाऊबंदकी झाली, गेटला कुलूप लागलं, मी शाळेत शिकवायला लागले. आता कुणाची भीती नव्हती. तरी ते तीन शब्द मी कुठे लिहिले नाहीत, बोलले नाहीत.

तुम्ही काम सोडल्यावर लगेच सुरू झाले आपले रविवार. सहा महिने ज्याच्या परवान्याला लागणार होते तो दाबाचा खटका तुम्ही पुण्याच्या जुन्या बाजारातून एका सकाळीत शोधून आणलात, कुठल्याशा मोडक्या कॉम्प्रेसरचा. मग त्याच जातीचे आणखी. दर रविवारी एक दवाखाना. मी वायरी जोडायची, तुम्ही झाकण उघडायचात, आणि मग गार पाणी घालून आपण दोघं काट्याकडे बघत बसायचो. तुम्ही मला दर वेळी टोमणा मारायचात, "आता बगत बसलाय न्हवं?" आम्ही कंपनीचेच, नवी सुधारणा बसवायला आलो, असं सांगायचो. अर्धं खरं.

खोपोलीच्या दवाखान्यात एक वयस्क सिस्टर होत्या, बोलक्या. आपल्याला चहा दिला, मशीनचं कौतुक केलं. मग सहज म्हणाल्या, "मध्यंतरी दोघी-तिघींचे टाके पिकले आमच्याकडे. एकीला तर पुण्याला हलवावं लागलं. होतं असं कधी कधी." माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. तुम्ही तो उचलून दिलात. त्या बाईचं पुढे काय झालं हे विचारायचं धाडस ना मला झालं, ना तुम्हाला. ती बाई मला दिवसातून एकदा तरी आठवते, तिचं नावही मला माहीत नाही.

पावसाच्या तोंडापर्यंत आठ झाल्या. प्रत्येकीच्या बुडाला हात घालून तुम्ही ठिपके चाचपायचात आणि "आपलीच" म्हणायचात. नववीचा पत्ताच नव्हता. वहीत एवढंच लिहिलेलं, थोरल्या साहेबांमार्फत, मुंबई. मी मुंबईला गेले तर तो व्यापारी दुकान विकून गेलेला. शेजारचा म्हणाला, यंत्रं नगरकडे जायची बहुतेक. त्या बहुतेकवर मी चार वर्षं पोस्टकार्डं टाकतेय. तुम्ही शेतावरून येऊन विचारायचात, "घावली का?" विचारताना तुमचा आवाज बदलायचा. मला वाटायचं, तुम्हाला माझी काळजी आहे. तुमची स्वतःची काही असेल असं मनातच आलं नाही.

काल तुमचा दहावा झाला. इंद्रायणीच्या काठी बायकांमध्ये मी मागे उभी होते. पिंड ठेवला आणि कावळा लगेच आला, कुणाला काही बोलायची वेळही आली नाही. सगळे समाधानाने म्हणाले, आबांची कसली इच्छा राहिली नव्हती. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. म्हणजे माझं खोटं तुम्हाला पटलं होतं, आणि मी तुम्हाला फसवून वाटेला लावलं.

निघताना सुमनने मला बाजूला घेतलं. पदराखालून एक फडकं काढलं, त्यात तुमचा सेंटर पंच. टोक झिजून बोथट झालेलं.

"आबांनी तुमाला द्याया सांगितलाय."

"कधी?"

"तुमी येऊन गेल्या ना, त्याच सांजंला. म्हनले, ताईला नववी घावंल तवा तिच्या बुडाला तीन ठिपके मारायला सांग. तिला मारलेच न्हाईत."

मला कळेना. "मारले नाहीत? का?"

"माजं डोहाळजेवान व्हतं त्या दिशी. आबा रजेवर. सायबांनी कोऱ्या कागदावरची सही वापरली आन मशीन धाडून दिली." सुमन नदीकडे बघत होती. "आबांनी तिला पानीच दावलं न्हाई, ऊन न्हाई आन गार न्हाई. लय लागलं व्हतं त्यांच्या जिवाला. पन ताईला सांगू नगं म्हनायचे. तिला आदीच झोप न्हाई."

मी तिथेच दगडावर बसले. सुमनचा मुलगा, चार वर्षांचा, आईच्या पदराला धरून माझ्याकडे बघत होता.

तर तुम्हाला सगळं कळलं होतं. मी तिन्ही ठिपके होते म्हणाले तेव्हाच. तुम्ही मला खोटं बोलताना पकडलंत आणि रागावला नाहीत, कामाला लावलंत. आणि त्या खोलीत साहेबांनी सही पुढे केली तेव्हा तुम्ही का गप्प राहिलात तेही आता समजतंय. तुम्ही मला वाचवत होता हे खरंच, पण त्या गठ्ठ्यात नववीच्या कागदावर एक सही अशी होती जिच्याबद्दल तुम्हाला बोलता येत नव्हतं. आपण दोघं दर रविवारी शेजारी शेजारी बसून काट्याकडे बघत होतो आणि दोघांच्याही पोटात एकेक गोष्ट अडकलेली होती. मला तुमचा राग येतो भाऊ. सांगितलं असतंत तर मीही सांगितलं असतं. निदान मळवली यायच्या आत.

काल घरी आल्यावर मी पत्र लिहायला घेतलं. नगर जिल्ह्यातल्या जेवढ्या दवाखान्यांची नावं मिळाली तेवढ्यांना. मशीनचं वर्णन, बुडाकडचा नंबर, दुरुस्त होईपर्यंत वापरू नका ही विनंती. आणि खाली, या यंत्राचं पाणी तापण्याच्या वेळेचं माप माझं होतं आणि ते चुकीचं होतं. खाली माझं पूर्ण नाव आणि पत्ता. प्रत्येक पत्र वेगळं लिहिते आहे, कोऱ्या कागदावर आधी सही करून ठेवत नाही.

पण पत्रांची उत्तरं येत नाहीत हे चार वर्षांत शिकले आहे. म्हणून शाळेत रजा टाकली आहे. शनिवारी सकाळच्या एस.टी.ने नगरला जाते आणि गावोगाव फिरते. पिशवीत दाबाचा शेवटचा खटका आहे, वायर आहे, पंच तुमच्याच फडक्यात आहे. सापडली, की आधी कुणाकडे तरी गरम पाणी मागीन आणि तिला पहिलं पाणी ते घालीन, कारण तिला ते कधी मिळालंच नाही. ते ओतून टाकून मग गार पाणी घालीन, बटण दाबीन, आणि जागची न हलता काट्याकडे बघत राहीन. वाद तुम्ही जिंकलात असं समजा. तीन ठिपके ठोकीन, वाकडे आले तर हसू नका.

मग मी भाज्याला येईन आणि तुमच्या पडवीत उभी राहून पुन्हा एकदा सांगेन, घावली भाऊ. तोवर मी तुम्हाला जे सांगितलं ते खोटंच आहे, आणि ते तुम्हाला ठाऊक आहे.